पहिला अल्बम: पुण्यात तीन दिवस की गावातलं गोदाम?

प्रश्न थोडक्यात असा. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातली पाच मुलं तीन वर्षांपासून रॉक बँड चालवतात. स्वतःची आठ गाणी आहेत, काही वऱ्हाडीत, काही हिंदीत. दीड लाख रुपये जमले आहेत आणि पुण्यातल्या एका स्टुडिओत तीन दिवसांची तारीख मिळते आहे. विचारणारा लिहितो, “गाजलेले पहिले अल्बम मोठ्या स्टुडिओतच झाले ना? गावात राहून आमच्याच्यानं काय होणार? आणि पहिलाच अल्बम पडला तर पुढे आम्हाले कोण विचारणार?” शेवटी एका ओळीत असंही आहे की दीड लाखातले साठ हजार एकाच्या वडिलांच्या पीककर्जातले आहेत.

भाऊ, मी गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज-वडशाच्या बाजूला बावीस वर्षांपासून रेकॉर्डिंग करतो. माझ्याकडे मुख्यतः झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांची गाणी, भजनं आणि भीमगीतं होतात. निवडणूक आली की प्रचाराची गाणी येतात, त्यावर वर्षाचा बराच खर्च निघतो. रॉक वाजवणारी पोरं आली ती मोजकीच, पण प्रत्येकाचं काम मी पहिल्या तालमीपासून शेवटच्या मिक्सपर्यंत, म्हणजे वेगवेगळे टिपलेले आवाज जुळवून एक गाणं होईपर्यंत, पाहिलं आहे. त्यामुळे जे सांगतो ते इकडच्या परिस्थितीतून सांगतो. मुंबईच्या बँडला कदाचित वेगळं सांगितलं असतं.

आधी त्या साठ हजारांचं बोलू, कारण तो प्रश्न मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. ते पैसे परत करा. आजच. पीककर्ज वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं आणि पुढच्या खरिपाला बँक दारात उभी करत नाही. अल्बमचे पैसे ३१ मार्चच्या आत परत येतील असा एकही हिशेब मी आजवर पाहिलेला नाही, चांगल्या चाललेल्या अल्बमचाही नाही. आपल्या भागात कर्ज म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या गाण्यासाठी मित्राच्या बापाची झोप उडते, ते गाणं तो मित्र मोकळ्या मनानं वाजवू शकत नाही. म्हणून यापुढचा माझा सगळा हिशेब नव्वद हजारांचा आहे, आणि त्यात काम होतं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय स्टुडिओ कुठला घ्यावा. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यात एक गोष्ट कुठेच नाही. ही आठ गाणी लोकांसमोर किती वेळा वाजली? तीन वर्षं तालीम केली, खोलीत वाजवलं, फोनवर व्हिडिओ टाकले, एवढं लिहिलंय. पण समोर दोनशे अनोळखी माणसं बसली आहेत आणि तुम्ही आठही गाणी सलग वाजवली, असं किती वेळा झालं? माझ्या मते पहिल्या अल्बमचं भवितव्य बरंचसं तिथे ठरतं. माईक लागतो तेव्हा फक्त ते ठरलेलं टिपलं जातं.

तुम्ही गाजलेल्या पहिल्या अल्बमांची गोष्ट काढलीत म्हणून तिथूनच बघू. बीटल्सचा ‘प्लीज प्लीज मी’ घ्या. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत, सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत त्यांनी दहा गाणी रेकॉर्ड केली. अल्बममधली उरलेली चार आधीच सिंगल म्हणून बाजारात होती. मशीन दोन ट्रॅकचं, म्हणजे सगळे आवाज दोनच पट्ट्यांत घेणारं. गायक जॉन लेननला सर्दी झाली होती, म्हणून घसा फाडणारं ‘ट्विस्ट अँड शाऊट’ मुद्दाम शेवटी ठेवलं. एकदा सलग वाजवून घेतलं, तो पहिला टेक; दुसऱ्याला आवाजच उरला नव्हता, पहिलाच अल्बमवर गेला. हा अल्बम ब्रिटनमध्ये तीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता.

हे वाचून पोरं म्हणतात, बघा, एका दिवसात झालं, आपल्याला तर तीन दिवस मिळतायत! पण त्या दिवसाआधी काय होतं ते बघा. १९६० ते १९६२ या काळात ते जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवत होते, आणि घरी लिव्हरपूलला परतले की पुन्हा क्लबच. दारू प्यायलेल्या, भांडणाऱ्या, पाठ फिरवून बसलेल्या लोकांसमोर कुठलं गाणं टिकतं आणि कुठलं पडतं हे त्यांच्या हातात मुरलं होतं. त्या दहा गाण्यांत दुसऱ्यांची गाणीही होती, स्टेजवर शेकडो वेळा घासलेली. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचंही तसंच. १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला अल्बम एकूण छत्तीस तासांच्या आसपास स्टुडिओ वापरून झाला. खर्च त्यांच्या गिटारवाल्यानं, जिमी पेजनं, स्वतः केला होता, त्यामुळे रेंगाळायला परवडणारं नव्हतं. पण त्याआधी हीच गाणी घेऊन ते स्कँडिनेव्हियात फिरून आले होते. काय वाजवायचं हे स्टुडिओत शिरताना चौघांनाही माहीत होतं.

माझ्याकडे याचा रोजचा पुरावा आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम लागतो. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलांची शर्यत, गावोगाव नाटकं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. स्टेजसमोर बसलेले ऑर्गनवाले, तबलेवाले, पॅडवाले महिनोन्महिने असे वाजवतात. हंगाम संपल्यावर ते माझ्याकडे येतात तेव्हा एका दुपारी चार गाणी होतात, जेवणाची सुट्टी धरून. नट चुकला तर कुठे थांबायचं, गायिकेचा श्वास कुठे येतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. आणि खोलीत तीन वर्षं तालीम केलेली हुशार पोरं येतात तेव्हा एका गाण्याला दोन दिवस जातात. हुशारीत फरक नसतो. त्यांचं गाणं अजून कोणासमोर उघडं पडलेलं नसतं, एवढंच.

मी स्वतः हे भोगलं आहे. विशी-पंचविशीत आम्हा सहा जणांचा बँड होता. पैसे जमवून एका मोठ्या शहरात तीन दिवसांचा स्टुडिओ घेतला. पहिला दिवस ड्रमचा आवाज बसवण्यात आणि दोन गाण्यांची लय किती असावी या वादात गेला. घरी आम्ही ती कधी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी गायकाचा गळा बसला, कारण सूर त्याच्या गळ्याला दोन स्वर वर होता आणि गावात ओरडून भागत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार अर्धवट गाणी घेऊन आम्ही रेल्वेत बसलो. स्टुडिओवाल्यांची काही चूक नव्हती, त्यांनी तासाप्रमाणे प्रामाणिक काम केलं. आम्ही तयार नव्हतो आणि तयार आहोत की नाही हे तपासायची आमच्याकडे रीत नव्हती. बँड त्यानंतर वर्षभरात मोडला. म्हणून तुमचं ‘तीन दिवस’ वाचलं आणि मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो.

आता दुसरी बाजू, कारण सगळेच स्टेजवरून आले असं नाही. बोस्टन नावाच्या बँडचा पहिला अल्बम १९७६ च्या ऑगस्टमध्ये आला. त्यातला टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर होता. नोकरी सांभाळून रात्री घराच्या तळघरात तो एकेक वाद्य वाजवून टेपवर चढवत गेला, अनेक वर्षं. रेकॉर्ड कंपनीनं करार केल्यावर सांगितलं, हे सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नीट पुन्हा करा. बाकीचा बँड तिकडे गेला आणि शोल्झनं बहुतेक काम तरीही तळघरातच केलं. एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या एक कोटी सत्तर लाख प्रती गेल्याची नोंद आहे. म्हणजे ‘मोठ्या स्टुडिओतच होतं’ हे खरं नाही. मात्र तळघरवाल्यानं तास कमी घातले असंही नाही. बीटल्सनी ते लोकांसमोर घातले, यानं मशीनसमोर.

तुम्हाला यातलं कुठलं जमेल हे तुमच्यावर आहे. पाचांपैकी एखादा शोल्झसारखा असेल, सहा महिने हेडफोन लावून एका गिटारच्या मागे लागणारा, तर तळघराची वाट धरा. पण तुमच्या पत्रावरून तुम्ही एकत्र वाजवणारी पोरं दिसता. अशा बँडला मी पुण्याची तारीख सोडायला सांगेन, निदान या वर्षी. आधी वाजवा, मग गावातच रेकॉर्ड करा, आणि पैसे राखून ठेवा ते मिक्सिंगसाठी.

कुठे वाजवायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. इथे क्लब नाहीत, खरं आहे. पण गणेशोत्सव, शारदा उत्सव, कॉलेजचं गॅदरिंग, यात्रा, पटाच्या आदल्या रात्री, एवढ्या जागा कुठल्या शहरी बँडला मिळतात? सुरुवातीला कोणी पैसे देणार नाही. मंडळाला सांगा, ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी अर्धा तास द्या, साऊंड लागलेलाच असतो. आणि तिथे नीट बघा. पहिली दोन गाणी सगळे ऐकतात, नवल म्हणून. समोर बसलेली लहान मुलं तर काहीही ऐकतात, त्यांच्यावर जाऊ नका. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई तिसऱ्या गाण्याला बसून राहते का, आणि मागे मोटरसायकलला टेकून उभी असलेली पोरं आपसात बोलायची थांबतात का, हे बघा. प्रत्येक कार्यक्रम फोनवर पूर्ण रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी पाचही जणांनी एकत्र बसून ऐका. असे पंधरा-वीस कार्यक्रम झाले की आठातली तीन गाणी तुम्ही स्वतःच बाजूला ठेवाल. उरलेल्या पाचांची लांबी कमी झालेली असेल, आणि एखादं नवं गाणं आलेलं असेल. तो तुमचा अल्बम.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलतो. वऱ्हाडी गाणी बाजूला ठेवून सगळं हिंदीत करावं असं कोणी सुचवलं असेल तर घाई करू नका. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला अल्बम २००६ च्या जानेवारीत आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांवर प्रती गेल्या. त्यांचा गायक आपल्या गावच्या उच्चारात, आपल्या गल्लीतल्या गोष्टी गातो. त्याआधी ते कार्यक्रमांत डेमोच्या सीड्या फुकट वाटत, आणि ऐकणाऱ्यांनीच ती गाणी इंटरनेटवर पसरवली. आपल्याकडे केरळच्या अवियल बँडनं २००८ मध्ये मल्याळममध्ये रॉक अल्बम काढला आणि भाषा न समजणाऱ्यांनीही तो ऐकला. घाटंजीचा माणूस ‘जाऊन रायलो’ म्हणतो तेव्हा त्यात जी लय आहे ती ‘जा रहा हूँ’ मध्ये येत नाही. फक्त वऱ्हाडी हसवण्यासाठी वापरू नका. आपल्या बोलीला स्टेजवर फार वर्षं विनोदाच्या खुर्चीवर बसवलंय. तुमच्या गाण्यात ती रागानं, प्रेमानं बोलू दे.

तुमच्याकडे एक जण खंजिरी वाजवतो असं लिहिलंय. ही मोठी जमेची बाजू आहे, आपल्या भजनांचा जोरच तिच्यात आहे. एवढंच सांभाळा की खंजिरीच्या चकत्या आणि ड्रमची हाय-हॅट (पायानं मिटणाऱ्या दोन झांजा) एकाच उंच पट्टीत वाजतात. दोन्ही सतत चालू राहिल्या तर रेकॉर्डिंगमध्ये नुसता खुळखुळाट ऐकू येतो. जिथे खंजिरी आहे तिथे ड्रमवाल्यानं हाय-हॅट सोडून टॉमवर, म्हणजे बाजूच्या घुमणाऱ्या ड्रमवर, जावं. हे मिक्समध्ये दुरुस्त होत नाही, वाजवतानाच ठरवावं लागतं.

आता रेकॉर्डिंग. जागा म्हणून तुम्ही दहा बाय दहाची, दहा फूट उंच स्लॅबची खोली म्हणालात. ती घेऊ नका. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही बाजूंनी एकच खर्ज घुमतो. दहा फुटाला तो साधारण ५६ हर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका बेस गिटारच्या खालच्या सुरांत. एक सूर फुगतो, शेजारचा गायब होतो. त्यापेक्षा गावात कुणाचं धान्याचं किंवा कापसाचं लांबट गोदाम असेल तर बघा. छप्पर टिनाचं असेल तर पावसाळ्यात विसरा, बाकी वेळ चालेल. भिंतींपासून वीतभर अंतर सोडून जाड गाद्या उभ्या करा, वर दोऱ्यांवर गोधड्या आणि बारदाना टांगा. कापूस हा आवाज शोषणारा उत्तम माल आहे आणि तो आपल्याकडे घरोघरी आहे. पण गादी फक्त वरचे आवाज शोषते, खर्ज तिला दाद देत नाही, म्हणून कोपऱ्यांत भरलेले कट्टे छतापर्यंत रचा. विडी-काडी बाहेर ठेवा आणि गरम होणारे दिवे गादीजवळ नको. हे गंमत म्हणून सांगत नाही, कापूस पेटायला वेळ लागत नाही.

ड्रमसाठी दहा माईक लागतात अशी समजूत आहे. मगाशी लेड झेपेलिनचा पहिला अल्बम सांगितला, त्याचा इंजिनिअर ग्लिन जॉन्स. थोड्या माईकमध्ये ड्रम टिपायची एक रीत आज त्याच्या नावानं ओळखली जाते. एक माईक स्नेअरच्या, म्हणजे वाजवणाऱ्यासमोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, सरळ वर, दुसरा मोठ्या टॉमच्या बाजूनं स्नेअरकडे तोंड करून, दोघांचं स्नेअरपासून अंतर अगदी सारखं. तिसरा किकसमोर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसमोर, आणि वाटलं तर चौथा स्नेअरजवळ. अंतर मी सुतळीनं मोजतो: सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं आणि तीच लांबी दोन्ही माईकना लावायची. अंतर चुकलं तर स्नेअर पोकळ वाजते. चार माईकमध्ये ड्रमवाला जसा वाजवतो तसाच ऐकू येतो. त्याचा हात असमान असेल तर तेही ऐकू येईल, पण मग तो दोष माईकनं झाकायचा नसतो.

गिटारच्या ॲम्पसमोर एक एसएम ५७ माईक पुरतो, जाळीपासून दोन-तीन बोटांवर, स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला. गाणं सगळ्यांनी एकत्र वाजवून घ्या, गायकाचा आवाज नंतर वेगळा घ्या. रेकॉर्डिंग चोवीस बिटवर ठेवा आणि लेव्हल भरू नका. सर्वात मोठा ठोका उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. डीजेच्या सवयीनं आपण लाल दिवा लागेपर्यंत चढवतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

लय मोजणाऱ्या क्लिकबद्दल दोन मतं आहेत. माझं मत गाण्यावर जातं. सरळ ठोक्याचं गाणं असेल तर महिनाभर आधीपासून क्लिकवर तालीम करा. पण भजनासारखं हळूहळू चढत जाणारं गाणं असेल तर क्लिक लावून त्याचा जीव काढू नका. ते पाच जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघतच वाजवलं पाहिजे.

आणि लाईन! शहरातल्या पुस्तकात हे सापडणार नाही. शेतीच्या फीडरला कुठल्या आठवड्यात दिवसा वीज आहे आणि कुठल्या आठवड्यात रात्री, हे लाईनमनला विचारून घ्या. पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून रेकॉर्डिंग त्याच्या उलट वेळेला ठेवा. अर्थिंग नसेल तर गिटारमध्ये पन्नास हर्ट्झची गुणगुण येते.  गोदामाजवळ मीठ-कोळशाचा खड्डा करून इलेक्ट्रिशियनकडून नीट अर्थिंग करून घ्या. माईक आणि ॲम्प दोन्हीला हात लावणाऱ्या गायकाच्या जिवासाठीही ते हवं. साधा इन्व्हर्टर चालू असताना टेक घेऊ नका, घरघर येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

महिना कुठला? एप्रिल-मे नको. आपल्या उन्हात गिटार दर दहा मिनिटांनी सूर सोडते, कूलर लावला तर त्याचाच आवाज रेकॉर्ड होतो, शिवाय लग्नांचे डीजे. पावसाळ्यात चामड्याची वाद्यं सैल पडतात. सोयाबीन निघालं, कापसाच्या पहिल्या वेचण्या झाल्या की जानेवारी-फेब्रुवारीचे पंधरा दिवस धरा. तोवर तुमचे कार्यक्रमही झालेले असतील.

नव्वद हजार मी असे लावीन. आठ माईकचा आवाज एकदम लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र, म्हणजे इंटरफेस, आणि चांगले माईक विकत घेऊ नका, पंधरा दिवस भाड्यानं आणा. ड्रम किटही तसंच. गाद्या, अर्थिंग, नव्या तारा, ड्रमची नवी चामडी, जेवणखाण, हे सगळं धरून निम्म्याच्या आत बसवा. उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा अशा माणसाला द्या जो रॉक रोज मिक्स करतो. तो पुण्यात असला तरी फाईल पाठवता येते. इथे हात आखडू नका. मी स्वतः भजन आणि नाटकाचं मिक्स नीट करतो, पण जोरकस गिटारचं काम आलं की दुसऱ्याकडे पाठवतो, कारण ते माझ्या कानाचं क्षेत्र नाही. मिक्सवाल्याला आवाज मोठा कर म्हणून मागे लागू नका. स्पॉटिफायसारखी ॲप सगळी गाणी साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं याचं माप) पातळीवर आणून वाजवतात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे उलट चपटं वाटतं.

इथवरचं एकत्र सांगतो: पीककर्ज परत, पावसाळ्यानंतर वीसेक कार्यक्रम, आठातून पाच-सहा गाणी, थंडीत गोदामात रेकॉर्डिंग, मिक्स बाहेर. आता कागदपत्रं, कारण बँड बहुतेक वेळा गाण्यावरून मोडत नाहीत, हक्कावरून मोडतात.

गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, हे रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहून पाचांनी सह्या करा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारानंही कायमचा काढून घेता येत नाही. तो हक्क फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही ती सोसायटी, तिचं सदस्यत्व घ्या. कोणी “सगळे हक्क आमचे” असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा.

तुमच्या यादीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एक भजन रॉकमध्ये केलेलं आहे. तुमचा भाव मला कळतो. पण रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क चालू राहतो. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे तो २०२८ च्या अखेरपर्यंत येतो. गुरुकुंज मोझरीला महाराजांच्या आश्रमात जाऊन विचारा, कोणाची परवानगी लागेल ते तिथून कळेल. नुसता कायदाच नाही, त्या भजनावर जीव असलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांना आधी ऐकवलंत तर ती तुमच्या बाजूनं उभी राहतील. ज्याचा कर्ता कोणालाच माहीत नाही अशा जात्यावरच्या ओव्या किंवा दंडार या लोकनाट्यातल्या ओळी घेतल्या तर कोणाकडून ऐकल्या, कुठल्या गावात, ते अल्बमवर लिहा. त्या आजीचं नाव तिला विचारून छापा, आणि पहिली प्रत तिच्या घरी नेऊन द्या.

आणि “पहिला पडला तर?” हा तुमचा शेवटचा प्रश्न. गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम जुलै १९८७ मध्ये आला तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर पोचला ऑगस्ट १९८८ मध्ये, वर्षभरानंतर. त्या वर्षात बँड फिरत, वाजवत होता. दिल्लीच्या इंडियन ओशनचा पहिला अल्बम १९९३ चा. पण बहुतेक लोक त्यांना ओळखतात ते २००० सालच्या ‘कंदिसा’मुळे, आणि त्या अल्बममध्ये नर्मदेच्या खोऱ्यातलं ‘मा रेवा’ आहे. मधली सात वर्षं ते वाजवत राहिले, वाट बघत बसले नाहीत.

पैशांचं मात्र स्वच्छ सांगतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसेच मोजले जात नाहीत, आणि हजार वेळा वाजलं तरी हातात चहापाण्याइतकेच येतात. तुमच्या बँडला पैसा आला तर तो कार्यक्रमांतून येईल, अल्बम त्या कार्यक्रमांचं दार उघडेल. म्हणून सगळी गाणी एका दिवशी टाकू नका. सगळ्यात जास्त टिकलेलं एक आधी, महिन्यानं दुसरं, मग अल्बम, आणि अल्बम आल्यावर लागलीच पुढच्या कार्यक्रमाला.

तुम्ही पाठवलेली फोनवरची क्लिप मी ऐकली. दुसऱ्या गाण्यात, जिथे सगळे थांबतात आणि एकटी खंजिरी चार मात्रा वाजते, तिथे मी मागे घेऊन तीनदा ऐकलं. ती जागा बदलू नका. गायकाला तेच गाणं दोन स्वर खाली उतरवून म्हणून बघायला सांगा, वरच्या ओळीला तो ताणतोय. आणि ड्रमच्या भाड्याचं तालुक्याच्या बिछायत-साऊंडवाल्याशी शारदा उत्सवाच्या आधीच बोलून ठेवा. एकदा उत्सव लागला की त्याला फोन उचलायला सवड नसते, आणि जानेवारीत किट रिकामं पडलेलं असतं, तेव्हा भावही बरा लागतो.